अपेंडिक्स, प्रतिकारशक्ती आणि घड्याळ

लहान मुलाच्या पोटात अपेंडिक्सची सूज निघाली की पूर्वी घरात एकच प्रश्न असे: ऑपरेशन आज की उद्या? मुंबईत फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गिरगावकर हरकिसनदास रुग्णालयाकडे वळत, लालबाग-परळचे लोक केईएमला किंवा वाडियाला जात, आणि टाके काढून झाले की मूल पुन्हा शाळेत दिसे. आता सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडताच आईबाप दोन नवे प्रश्न विचारतात. ऑपरेशनऐवजी औषधाने भागणार नाही का? आणि अपेंडिक्स काढून टाकले तर मुलाची प्रतिकारशक्ती कमी होणार नाही ना?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना हसण्यावारी नेणारा डॉक्टर चुकतो. मात्र पहिला प्रश्न या तापलेल्या चार दिवसांचा आहे, तर दुसरा पुढच्या पन्नास वर्षांचा. दोघांचे उत्तर एकाच वाक्यात उरकले की ‘शरीराने दिलेला अवयव कशाला काढायचा’ अशी भावनिक सबब तयार होते, किंवा ‘निरुपयोगी शेपूट आहे, काढून मोकळे व्हा’ असा आडदांड सल्ला मिळतो. विज्ञान यांपैकी कोणत्याही टोकाला उभे नाही.

‘निरुपयोगी’ हा शिक्का जुना आहे. डार्विनने 1871 मध्ये अपेंडिक्सची गणना उत्क्रांतीत मागे उरलेल्या अवशेषांत केली आणि पुढे शतकभर पाठ्यपुस्तकांनी तेच गिरवले. शल्यचिकित्सेने त्या मताला बळ दिले. अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया 1735 मध्ये लंडनला क्लॉडियस अमियाँडने केली. रुग्ण होता हर्नियाचा त्रास असलेला अकरा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या अपेंडिक्समध्ये टाचणी घुसलेली होती. उजव्या बाजूच्या या जीवघेण्या पोटदुखीचे मूळ अपेंडिक्समध्ये असते, हे बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने ठामपणे मांडले ते 1886 मध्ये. 1902 मध्ये तर याच दुखण्यापायी इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला. तेव्हापासून अपेंडिक्स काढलेली कोट्यवधी माणसे सुखाने जगली आहेत. अवयव निरुपयोगी असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता, असे कोणालाही वाटावे.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र वेगळे दिसते. जन्मतः अपेंडिक्सच्या भिंतीत लसिका पेशींचे पुंजके जवळजवळ नसतात. जन्मानंतर दोनेक आठवड्यांत, आतड्यात जंतूंची वस्ती होऊ लागली की, ते दिसू लागतात. बालपणात वाढतात, दहा ते वीस वर्षांच्या वयात सर्वाधिक असतात आणि पुढे वयाबरोबर विरत जातात. आतड्यात कोणत्या जंतूला राहू द्यायचे आणि कोणाला अडवायचे, हे शिकणाऱ्या यंत्रणेचा हा भाग आहे. आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारी आयजीए ही प्रतिपिंडे तयार करण्यातही त्याचा वाटा असतो. 2007 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रँडल बोलिंजर आणि विल्यम पार्कर यांनी एक पाऊल पुढे टाकले. जुलाबाने आतडे धुऊन निघाले तरी उपयुक्त जंतूंचा साठा या बंद बोळात सुरक्षित राहतो आणि तिथून आतडे पुन्हा वसते, अशी त्यांची मांडणी आहे. ज्या मुंबईत पावसाळा आणि गॅस्ट्रो जोडीने येतात, तिथल्या वाचकाला ती चटकन पटेल. तरी ते अजून अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे.

लसिका पेशींचा बहर आणि अपेंडिक्सचा त्रास यांचे वय जुळते, हा योगायोग समजायचा का? जुने स्पष्टीकरण असे: सर्दी-तापाच्या किंवा पोटाच्या एखाद्या विषाणूने हे पुंजके फुगतात, चिंचोळी नळी बंद होते, आत स्राव साचून दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो आणि जंतू भिंतीत शिरतात. काही मुलांत हेच काम विष्ठेचा खडा करतो. हे चित्र इतके सुबक आहे की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण 1984 मध्ये स्वीडनच्या आर्नब्यॉर्नसन आणि बेंगमार्क यांनी शस्त्रक्रियेच्या वेळीच नळीतला दाब मोजला, तेव्हा साध्या सुजलेल्या बहुतेक अपेंडिक्समध्ये तो वाढलेला नव्हता. वाढला होता तो मुख्यतः सडू लागलेल्या अपेंडिक्समध्ये. म्हणजे कोंडी हे अनेकदा रोगाचे कारण नसून परिणाम असावा. मग पहिली ठिणगी कोण टाकते?

या प्रश्नावर एक लक्षणीय काम आपल्याच देशात झाले. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातले विकृतीशास्त्रज्ञ के. पी. अरविंदन यांनी 1997 मध्ये दाखवले की तीव्र दाहाच्या अपेंडिक्सच्या स्नायूंच्या थरात इओसिनोफिल पेशी आढळतात. या पेशी अ‍ॅलर्जीत आणि जंतांच्या प्रादुर्भावात वाढतात. त्यावरून त्यांनी सुचवले की दाहाची सुरुवात अ‍ॅलर्जीसारख्या प्रतिक्रियेतून होत असावी आणि जंतुसंसर्ग त्यानंतर येत असावा. यासाठी महागडे यंत्र लागले नव्हते. कोणत्याही रुग्णालयात रोज तयार होणाऱ्या काचपट्ट्या नीट, चिकाटीने पाहिल्या गेल्या होत्या.

पुढचा धागा स्वीडनमध्ये सापडतो. लुंड येथील रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या 605 मुलांच्या नोंदी तपासून 2018 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परागकण, अन्न, प्राणी यांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे 20 टक्क्यांचा आजार गुंतागुंतीचा होता, म्हणजे अपेंडिक्स सडलेले किंवा फुटलेले होते. अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे 47 टक्के होते. प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिसादाचे ढोबळ प्रकार असतात. अ‍ॅलर्जीकडे झुकणारा प्रतिसाद एका प्रकारचा, तर पेशी नष्ट करीत जाणारा जळजळीत प्रतिसाद दुसऱ्या प्रकारचा. ज्या मुलाचे शरीर दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, त्याचे अपेंडिक्स सडण्याची शक्यता जास्त, असा या मांडणीचा आशय आहे. म्हणजे आपण ज्याला एकच आजार समजतो ते दोन आजार असू शकतात: एक सुजतो आणि अनेकदा आपोआप शमतो, दुसरा सुरुवातीपासूनच फुटण्याच्या वाटेवर असतो.

ही कल्पना मोलाची आहे आणि तिथेच धोकाही आहे. एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदींवरून सहसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आणि 20 टक्के म्हणजे शून्य नव्हे. ‘आमच्या मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, त्याचे फुटणार नाही’ असा दिलासा या अभ्यासातून कोणी घेतला, तर तो अभ्यासावर आणि मुलावर दोघांवर अन्याय होईल.

दूरच्या परिणामांचा हिशेबही एकाच बाजूला झुकत नाही. वीस वर्षांच्या आत अपेंडिक्सच्या दाहामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांना मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह पुढे कमी होतो, असे रोलंड अँडरसन यांच्या स्वीडिश अभ्यासात 2001 मध्ये दिसले. तो आजार शरीराच्या बिथरलेल्या प्रतिकारयंत्रणेचाच. उलट, 2011 मधल्या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासात बालपणी अपेंडिक्स काढलेल्यांमध्ये तरुण वयात हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण किंचित जास्त आढळले. अर्थात त्या वयात मुळात तो धोकाच फार लहान असतो. एका पारड्यात थोडा लाभ, दुसऱ्यात थोडी हानी, आणि दोन्ही इतके सूक्ष्म की लाखो लोकांच्या नोंदी पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. आतड्याच्या लांबीभर लसिका पेशींचे असेच पुंजके विखुरलेले आहेत. एक ठिकाण गेल्याने मूल सततचे आजारी पडू लागत नाही. म्हणून ‘प्रतिकारशक्ती जाईल’ या भीतीने आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे चूक आहे, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो.

मग औषधोपचाराचा पर्याय? तो प्रतिकारशक्तीच्या चर्चेवर नव्हे, प्रत्यक्ष चाचण्यांवर उभा आहे आणि तिथेच तो तपासला पाहिजे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या बालशल्य रुग्णालयांनी 2020 मध्ये 1,068 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उपचाराची निवड कुटुंबांनीच केली होती. साधी, न फुटलेली सूज असलेल्या आणि प्रतिजैविके निवडलेल्या मुलांपैकी 67.1 टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही, आणि त्यांचे आजारपणात वाया गेलेले दिवसही कमी होते. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी अधिक काटेकोर होती. कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि सिंगापूर इथल्या 11 रुग्णालयांत 5 ते 16 वर्षांच्या 936 मुलांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. वर्षभरात औषधोपचार अपयशी ठरला 34 टक्के मुलांत, शस्त्रक्रिया 7 टक्के मुलांत. शस्त्रक्रियेचे अपयश बहुतांशी ‘काढलेले अपेंडिक्स निरोगी निघाले’ या स्वरूपाचे होते. मृत्यू कोणत्याच गटात झाला नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंना हवे तसे वाचता येतात. शस्त्रक्रियेचा आग्रह धरणारा म्हणेल, दर तिघांतल्या एकाला शेवटी टेबलावर यावेच लागले. औषधाच्या बाजूचा म्हणेल, दर तिघांतल्या दोघांची भूल आणि चीर टळली. दोघेही खरे बोलत आहेत. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे: औषध आधी देऊन पाहणे ही बेपर्वाई नाही, पण तो तोडीस तोड पर्यायही ठरलेला नाही. तो निवडक मुलांसाठीचा, अटींसह घेण्याचा मार्ग आहे. विष्ठेचा खडा दिसत असेल, पोट ताठ झाले असेल, दुखणे दोन दिवसांपलीकडे गेले असेल, मूल फारच लहान असेल, तर त्या मार्गावर पाऊलच ठेवू नये.

अपेंडिक्समधल्या उपयुक्त जंतूंचा साठा राखायचा म्हणून शस्त्रक्रिया टाळायची आणि त्यासाठी जी बहुव्यापी प्रतिजैविके द्यायची, त्यांनी आतड्यातल्या त्याच जंतूंची कत्तल करायची, या विसंगतीकडे अवयव राखण्याचे समर्थक फारसे पाहत नाहीत. शिवाय फिनलंड-स्वीडनमध्ये जी औषधे चालतात ती इथे तशीच चालतील, असे गृहीत धरता येत नाही. साध्या खोकल्यालाही प्रतिजैविकाची पट्टी देणाऱ्या आपल्या शहरांत आतड्यातले अनेक जंतू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. तिकडचे 34 टक्के इकडे जसेच्या तसे उतरवून घेणे धाडसाचे ठरेल.

दुसरी गोष्ट गिरगाव, दादर, लालबागच्या रहिवाशांना वेगळी सांगायला नको. इथली बरीच घरे गणपतीला, शिमग्याला, मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात जातात. जुलैमध्ये औषधाने शमवलेले अपेंडिक्स भाद्रपदात पुन्हा उसळले, तर परळमध्ये वीस मिनिटांत बालशल्यतज्ज्ञ मिळतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत रात्री अकरा वाजता तो मिळत नाही. त्याच निकषाने दहावीची परीक्षा तोंडावर असलेल्या, सोनोग्राफीत साधी सूज असलेल्या आणि पुन्हा ताप आल्यास तासाभरात रुग्णालयात पोचू शकणाऱ्या मुलीला औषधाचा पर्याय नाकारणेही बरोबर नाही. एकाच आजाराला दोन घरांत दोन उत्तरे असू शकतात, आणि दोन्ही योग्य असू शकतात. पालकांना हे सांगायला वेळ लागतो. पालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीत डॉक्टरकडे नेमका तोच नसतो.

वेळेचा प्रश्न खरा आहे, पण तो रुग्णालयात पोचण्याआधी सुरू होतो. ‘पोटात दुखतंय’ म्हटले की आधी बेंबीभोवती हिंग लावले जाते, मग ओव्याचा अर्क, मग कोपऱ्यावरच्या केमिस्टकडची गोळी, मग ‘शाळा बुडवायचे निमित्त’ अशी शंका. हिंगाने अपाय होत नाही, पण एरंडेल किंवा जुलाबाच्या औषधाने होतो, आणि वाया गेलेल्या तासांनी तर नक्कीच होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असण्याचे प्रमाण मोठ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यांची नळीची भिंत पातळ असते, आतड्यांवरचा चरबीचा पडदा पुरेसा वाढलेला नसल्याने संसर्ग एका जागी कोंडला जात नाही आणि नेमके कुठे दुखते हे त्यांना सांगता येत नाही. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेले दुखणे, भूक मरणे, उलटी, ताप, चालताना किंवा खोकताना वाढणारी कळ, ही लक्षणे दिसली की घरगुती उपाय थांबवावेत.

याउलट घाईही महागात पडते, हे कोविडच्या काळात दिसले. 2020 च्या उन्हाळ्यानंतर शहरातल्या बालरुग्णालयांत एक नवा आजार दिसू लागला. कोविड होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मुलाला तीव्र ताप, पोटदुखी, उलट्या, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि खालावणारा रक्तदाब. विषाणू निघून गेला होता. प्रतिकारयंत्रणेने पेटवलेली आग मात्र मागे राहिली होती. मुंबईतल्या चार रुग्णालयांतल्या अशा 23 मुलांचा अहवाल त्याच वर्षी ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरात अशी काही मुले अपेंडिक्स समजून थेट शल्यविभागात पोचली. त्यांना गरज होती ती सुरीची नव्हे, तर प्रतिकारयंत्रणेला शांत करणाऱ्या स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनची. पावसाळ्यातला डेंग्यू, विषाणूने फुगलेल्या पोटातल्या लसिका ग्रंथी आणि आपल्याकडे कधीही न विसरावा असा पोटाचा क्षय, हेही अपेंडिक्सचे सोंग घेतात. प्रतिकारशास्त्राचा रुग्णाच्या खाटेपाशी आज सर्वांत मोठा उपयोग आहे तो इथे: ‘हे अपेंडिक्सच आहे का?’ हा प्रश्न विचारायला लावण्यात.

मग या सगळ्या संशोधनाचे करायचे काय? काढायचे की औषध द्यायचे, हा निर्णय आज प्रतिकारशक्तीच्या सिद्धान्तावर घेऊ नये. तो दुखण्याचे तास, सोनोग्राफी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी ही दाहाची खूण, मुलाचे वय आणि घर ते रुग्णालय अंतर यांवर घ्यावा. संशोधन मात्र त्या सिद्धान्तानेच पुढे न्यावे. कोणत्या मुलाचे अपेंडिक्स शमेल आणि कोणाचे फुटेल, हे पहिल्या तासात सांगणारी रक्ताची तपासणी हाती आली, तर ऑपरेशन की औषध हा वादच पुष्कळसा निकालात निघेल. एका गटाची शस्त्रक्रिया वाचेल, दुसऱ्याची ती लांबणार नाही.

आणि हे काम करायला परळइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल. 1926 पासूनचे केईएम, 1929 पासूनचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, केईएमच्या आवारातच असलेली, 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि आज मुलांच्या जन्मजात प्रतिकारदोषांवर काम करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, आणि प्लेगच्या लसीचा वारसा सांगणारी हाफकिन संस्था, ही सगळी पायी चालत जाण्याच्या अंतरात आहेत. बालशल्यविभागात रोज काढली जाणारी अपेंडिक्स विकृतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत जातातच. केसपेपरवर चार रकाने वाढवले तरी सुरुवात होईल: दुखणे सुरू होऊन किती तास झाले, मुलाला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का, घरात आणखी कोणाला अपेंडिक्स झाले होते का, आणि गेल्या महिन्यात ताप येऊन गेला का. काचपट्टीवर स्नायूच्या थरातल्या इओसिनोफिलची नोंद घेतली तर कोळिकोडचे निरीक्षण इथे ताडून पाहता येईल.

यात मुंबईचा स्वतःचा असा एक प्रश्नही दडलेला आहे. 1985 मध्ये साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडले होते की नळाचे पाणी आणि स्वच्छता आल्यावर लहानपणीचे संसर्ग कमी झाले, आणि त्या बदलत्या पिढीत अपेंडिक्सचा आजार वाढला. पुढे स्वच्छता पूर्ण रुळल्यावर तो उतरला. सामाईक नळ आणि सामाईक संडास असलेल्या चाळींतून स्वतंत्र स्नानगृहांच्या टॉवरमध्ये एका पिढीत गेलेले लालबाग-परळ ही या कल्पनेची जणू तयार प्रयोगशाळा आहे. शेजारशेजारच्या चाळीतल्या आणि टॉवरमधल्या मुलांच्या नोंदी दहा वर्षे नीट ठेवल्या, तर जगाला उपयोगी पडेल असे काही इथून निघू शकेल.

तोवर पालकांनी प्रश्न विचारत राहावेत आणि डॉक्टरांनी दोन्ही मार्गांचे आकडे, मराठीत, समोर मांडावेत. औषधाचा मार्ग निवडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला रुग्णालयाने परतीची लेखी चिठ्ठी द्यावी: कोणती लक्षणे दिसताच, कुठे, किती तासांत यायचे, आणि पुढचे वर्षभर गावी जाताना जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय कोणते. ही चिठ्ठी द्यायची ज्या रुग्णालयाची तयारी नाही, त्याने औषधाचा पर्याय सुचवू नये.